मास्तरलोकांची नववी

ज्यांच्यामुळे मी आज चारचौघांत तोंड उघडून वाचते, त्या दीदींचं नाव घेत नाही, पण उपकार आधी सांगते. त्या जबलपूरच्याच, घरात मराठी आणि बाहेर हिंदी. मी जिथे चहापाणी बघते, त्या शाळेत नववीला शिकवतात. माझं गाव गोंदियाकडे. वाचताना अडले की मास्तर खेकसायचे, म्हणून सातवीतच मी शाळा सोडली.

उन्हाळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. नववीतल्या पोरांना धड वाचता येत नाही, ते कसं सुधारायचं? पण पोरं सुट्टीवर. मग शिक्षकच पोरं झाले, आणि काय झाले! टक्कल पडलेले गणिताचे सर पुढच्या मॅडमची वेणी ओढून राहिले होते. दुसऱ्या सरांचं एकच, "मॅडम, बाथरूम जाऊँ?" अडखळायचं मात्र एकालाही जमेना.

शिकवायला आलेले साहेब वैतागले. "अरे, कोई तो सचमुच अटको!"

तेवढ्यात मी चहा घेऊन शिरले. त्या वर्गाच्या बाई झालेल्या दीदी फळ्याजवळून येऊन हळूच म्हणाल्या, "तू बसतेस का गं? नको म्हटलंस तरी चालेल."

माझं वाचणं सगळ्यांनी ऐकलं, तर उद्या कामावर ठेवतील का? पण हुकूम नव्हता, विचारलं होतं. बसले.

धडा वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीत अडले. "सं... सं..."

"संग्रहालय!" गणिताचे सर ओरडले.

"कान पकड़ो, बाहर जाओ," दीदी म्हणाल्या. सर खरंच गेले. व्हरांड्यातून प्राचार्यांचा आवाज आला, "अरे सरजी, आप?"

"बीच में बोल दिया, सर."

दीदी मला म्हणाल्या, "तो शब्द त्यांनी खाल्ला. पुढचं वाच."

पुढे होतं 'प्रागैतिहासिक'. मी थांबले, दीदीही थांबल्या. सांगितलं नाही, भुवईसुद्धा हलवली नाही. चहावर साय धरली, पण कपाला हात लावायची कुणाची छाती होईना. मी एकेक अक्षर जोडत गेले आणि शब्द आला. बेंच बडवणाऱ्यांत साहेबच पुढे.

नोकरी गेली नाही. उलट जुलैपासून नववीतलं पोरगं अडलं की दीदी तशाच थांबतात, आणि शेवटच्या बाकावर मलाही बसवतात. वर्ग इतका शांत, की प्राचार्य दोनदा डोकावून गेले, "मॅडम, सब ठीक?" पोरं आता धडा शेवटपर्यंत वाचतात.

दीदी, दहावीला बाहेरून बसणार आहे मी. पास झाले की गुणपत्रिका घेऊन पहिली तुमच्याच दारात येईन, आणि तुमचे हे उपकार एक दिवस नक्की फेडीन.