रूपरावची जेवणाची अट

हिंगणघाटच्या नोंदणी कचेरीसमोर मी दस्त लिहून देतो. इतकी खोटी माणसं पाहिली, की मला आता कशाचाच धक्का बसत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. परवापर्यंत.

रूपराव इथला दलाल. घरावर चार-सहा महिन्यांसाठी पैसे हवे असले, की लोक त्याला गाठत. बँकेचे कागद होईस्तोवर सौदा हातचा जातो. रूपराव आठवड्यात पैसेवाला उभा करी. पद्धत मात्र भयंकर. पैसेवाल्याच्या नावानं चक्क विक्रीपत्र करायचं आणि पैसे फिटले की त्यानं घर परत लिहून द्यायचं. परतीचा शब्द तोंडी. मी चिडायचो, "हे कागदावर तरी घे." तो म्हणे, "मंग पैसेवाला येतच नाई न भाऊ."

त्याची हमी वेगळीच होती. नोंदणीच्या आदल्या दिवशी पैसेवाल्यानं त्या घरी जेवायचंच. तिथलं अन्न खाल्लेला माणूस त्या घरच्यांना रस्त्यावर आणणार नाही, असं तो मानायचा. आणि वीस वर्षांत खरोखर एकही घर गेलं नव्हतं.

भागीरथाबाई निवृत्त नर्स. दीर घरातला आपला हिस्सा परक्याला विकायला निघाला होता. तो हिस्सा तिलाच घ्यायचा होता, पण निवृत्तीचे पैसे यायला चार महिने होते. रूपरावनं पैसेवाला म्हणून नागपूरचा रजत आणला. त्यानं तिच्याकडे गोळाभात दोनदा मागून घेतला, निघताना तिच्या पायाही पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पैशांतून दिराचा हिस्सा घेऊन तिनं घर रजतच्या नावे लिहून दिलं.

परवा ती निवृत्तीचे पैसे घेऊन रूपरावबरोबर आली, तेव्हा रजत माझ्याच टेबलाशी उभा होता.

"परत कसलं, मावशी? घर मी विकत घेतलंय. पूर्ण किंमत मिळाली, असं तुम्हीच लिहून दिलंय. खाली या रूपरावकाकांची साक्ष आहे."

"तू जेवला न बापा तिच्या घरी," एवढंच रूपराव म्हणाला.

"मस्त होतं जेवण. काका, आता याच घराला गिऱ्हाईक आणा. दलाली देतो."

इतक्या निर्मळ तोंडानं कुणी असं बोलू शकतं, हे अजून पटत नाही.

आज सकाळी रूपराव भागीरथाबाईला घेऊन आला. "लिहा भाऊ, कोर्टात द्याचं हाय. इक्री खोटी होती, मले माहीत होतं, तरी म्या सही केली."

"अरे, धंदा बसेल तुझा."

"बसू द्या." मग म्हणाला, "दस्त कोनं लिहिला, तेही सांगा लागंन न?"

माझी बोटं थांबली. त्याचा एकूण एक खोटा दस्त मीच लिहिला होता. वर त्यालाच रागावत होतो. नाव दिलं तर माझा परवाना जाणार.

भागीरथाबाईनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "सकाळपासून तुमी दोघं उपाशी असान. खाऊन घ्या."

गोळाभाताचा वास आला. मी आधी माझं नाव लिहिलं, मग डबा उघडला.