ह्याचं डोळं माज्याकडंच ऱ्हाऊ दे

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. कुणी घुमायला लागलं की मला आधी राग येतो. तरी हे लिहितेय... कारण त्या दिवशी मी तिथं हजर होते.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मिलच्या चाळीत आम्ही राहत होतो — सासूबाई, आम्ही दोघं आणि धाकटे दीर-जाऊ. जाऊ कमळ, वैरागची. माहेरी आई नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते, तिसरा महिना लागलेला. नुसती हरखून गेली होती पोरगी, चुलीवर दूध उतू जायचं तरी हिला पत्ता नसायचा!

शेजारच्या अंबव्वाच्या यल्लूला, सातएक वर्षांच्या पोरीला, ताप आला आणि अंगभर बारीक लाल पुरळ उठलं. आमच्या चाळीत याला आजार म्हणत नाहीत, "बाय आली" म्हणतात. औषध बंद, घरात फोडणी बंद, उशाला कडुलिंबाचा पाला. आणि पोटुशी बाई असेल तर तिनं त्या पोरीच्या हातून ओटी भरून घ्यायची. त्या वेळी बाय जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तापाच्या पोरीपाशी हिला कशाला बसवताय?"

"तू गप गं! लई शानी."

कमळ बसली. यल्लूनं ओटीत खारीक टाकली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ह्याचं डोळं माज्याकडंच ऱ्हाऊ दे."

कमळचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याबाईंनी मात्र हात जोडले. "व्हय बाई, ऱ्हाऊ दे की. समदं तुजंच हाय."

पोरगी तापात बरळली, म्हणून मी सोडून दिलं. पंधरवड्यानं कमळच्या अंगावरही तेच पुरळ आलं आणि चटकन गेलंही. आत्याबाईंनी खुशीनं गूळ वाटला.

दिवाळीनंतर मुलगा झाला. एवढासा, किडकिडीत. सुईणीनं दिवा जवळ नेला तर... दोन्ही बुबुळांत पांढरं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मताच मोतीबिंदू." मी पुरळाचं सांगितलं. "छे, त्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही." यल्लूचं बोलणं सांगितलं तर हसल्या — योगायोग!

घरी आत्याबाई त्या ओल्या बाळंतिणीवर तुटून पडल्या. "आई तू हुतीस की! तुज्या तोंडाला काय कुलूप लागलं हुतं?" माझं डोकंच फिरलं. "आणि व्हय कोण म्हणालं?" मी ओरडले. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

पुढं एक दिवस कमळ बाळाला घेऊन यल्लूकडं गेली. मी मागोमाग धावले. पोरगी उंबऱ्यावर चिंचोके खेळत होती, ठणठणीत. कमळनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "यल्लू, ठिवल्यालं दे की माजं."

"मी काय न्हाय घेतलं, मावशी!" यल्लू घाबरून रडायलाच लागली. अंबव्वानं बाळ कमळच्या हातात कोंबलं, पोरीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

त्या पोरीच्या तोंडी ते शब्द कुठून आले, धडधाकट आईच्या पोटी असं बाळ का आलं... मला अजून उलगडा झालेला नाही. डॉक्टरी शिकलेल्यांनी मला हसण्याआधी तेवढं सांगावं.

कमळ दर मंगळवारी त्या बंद दारात बाळ घेऊन बसते. परवा मी चिडून तिचा हात ओढला, "पुरे की आता!" तर उलट मलाच समजावत म्हणाली, "अक्का, ल्हान हाय ओ ती, इसरली आसंल. मोठी झाली की आटवंल तिला."