मागच्या बाजूचं कापड

कापड स्वस्तात घ्यावं तर माझ्या आईनंच, असं मी पूर्वी कौतुकानं सांगायचे. आता सांगताना माझं तोंड कडू होतं.

मलकापूरच्या आठवडी बाजारात ती मुद्दाम बाजार उठायच्या वेळेला जायची. कटपीसवाला गाठोडं बांधायला लागला की ही पुढे. हव्या असलेल्या तुकड्याकडे बघायचंसुद्धा नाही. भलत्याच कापडाला हात घालायचा, त्याचा भाव पाडायचा, नाक मुरडून ते ठेवून द्यायचं आणि निघता निघता, सहज आठवल्यासारखं, खऱ्या तुकड्याची किंमत विचारायची. बोट ओलं करून कापडावर घासायची, खळ किती चढवलीय ते बघायला. काठाचा धागा काढून काडीनं पेटवायची आणि वासावरून सुती की मिसळ ते सांगायची. मी शेजारी पिशवी धरून उभी. ओळखीचं कोणी दिसलं की मी पिशवी तोंडासमोर धरायचे.

पण तिचं खरं कसब शिवण्यात होतं. आमच्या गल्लीतल्या तिच्या वयाच्या बायका पदर दोन्ही खांद्यांवरून घेतात, त्यामुळे ब्लाउजची मागची बाजू घरच्यांनाही दिसत नाही. म्हणून आई पुढचा भाग आणि बाह्या चांगल्या टू बाय टू कापडाच्या करायची आणि मागे त्याच रंगाच्या जवळपास जाणारं साधं पॉपलीन लावायची. निम्म्या तुकड्यात ब्लाउज. गल्लीतल्या बायका तिच्याकडून तसेच शिवून घ्यायच्या. त्यात कमीपणा आहे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मी बी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. ज्या शाळेत आम्ही सराव करायचो, तिथे भूगोलाची एक जागा रिकामी होणार होती. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, परीक्षेच्या तासाला जी पहिली येईल तिला घेऊ. घरात वडिलांचा एकट्याचा कारकुनी पगार. ती जागा मला हवी होती, नुसती हवी नव्हती, मी ती मनातल्या मनात घेऊनही टाकली होती.

परीक्षेला कॉलेजची ठरलेली साडी नेसायची. मोरपंखी, डाळिंबी काठाची. पदराच्या चुण्या करून डाव्या खांद्यावर पिन लावायची, असा नियमच होता. आईनं डाळिंबी ब्लाउज शिवून सकाळी हातात दिला. घाईत अंगात चढवून घरातल्या वीतभर आरशात मी फक्त पुढून पाहिलं. बसला छान होता. पळाले.

शाळेत मैत्रीण माझ्या पदराला पिन लावत होती. लावता लावता थांबली आणि म्हणाली, "मागून दुसरंच कापड लावलं का वं?"

खिडकीच्या काचेत मान वळवून पाहिलं. बाह्या डाळिंबी आणि मधली सगळी पाठ विटकरी. शिवण अशी उठून दिसत होती की आंधळ्यालाही दिसावी. पदर ओढून गुंडाळून पाहिला. हात वर केला की तो घसरायचा. बदलायला दुसरा ब्लाउज नव्हता आणि घंटा झाली.

मला जिल्ह्यातल्या नद्या शिकवायच्या होत्या. फळ्यावर पूर्णा आणि तिच्या उपनद्या रंगीत खडूनं काढायचा मी महिनाभर सराव केला होता. त्या तासाला मी फळ्याला पाठ टेकवून उभी राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाही. सगळं तोंडानं सांगितलं. अगदीच वेळ आली तेव्हा एका मुलीला उठवून तिच्याकडून नदी काढून घेतली. पश्चिमेला वाहणारी पूर्णा तिनं पूर्वेला वाहवली आणि ती दुरुस्त करायलासुद्धा मी वळले नाही. परीक्षकांनी फलकलेखनापुढे शून्य टाकलं. दुसरी आले. पहिली आलेली मुलगी आजही त्या शाळेत आहे. मी तासिका तत्त्वावर या शाळेतून त्या शाळेत फिरते.

वर्गातल्या पोरांना माझ्या ब्लाउजचं काय पडलं होतं? एखादी हसली असती, संपलं असतं. हे मला आज कळतं आणि त्यानं राग आणखीच वाढतो, कारण मग तो कुणावर काढायचा?

तेव्हा मी तो आईवर काढला. लगेच नाही. शून्याचं ऐकल्यापासून, फळ्यावर काऊन नाही लिहिलं, असं ती कितीदा विचारायची आणि मी टाळायचे. मग एक दिवस त्या पहिल्या आलेल्या मुलीची आई नोकरीचे पेढे घेऊन घरी आली. ती गेल्यावर मी ब्लाउज आईसमोर उलटा टाकला आणि सगळं ओकले.

आईनं तो उचलला, मांडीवर पसरला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"मले वाटलं, तू आमच्यासारखाच पदर घेशीन," ती म्हणाली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "तुले माह्या शिवण्याची शरम आली का?"

नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले.

ती भांडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्यासाठी टाकाही घातलेला नाही. गल्लीतल्या बायकांचं अजून शिवते. माझ्या हातावर मात्र दर दिवाळीला पैसे ठेवते, तयारच घे म्हणते. मी दुकानातला ब्लाउज आणते. तो खांद्यात ढिला असतो आणि काखेत काचतो. तिनं नुसता हात लावला तर दहा मिनिटांत नीट होईल. तो घालून मी तिच्यासमोर उभी राहते. ती लांबूनच विचारते, "बसला का बराबर?"

मी हो म्हणते.