पालथा दगड

आमच्या शाळेची स्मरणिका निघाली, तिच्यात पान अकरावर एक गोष्ट छापली आहे. सडक रुंद करताना एका गोऱ्या साहेबाच्या तान्ह्या मुलीची कबर मध्ये आली, तेव्हा नळदुर्गच्या लोकांनी ती मानाने उचलून नदीकाठी नेली, आणि पुढे तिचे आईबाप आले तेव्हा त्यांना ती दाखवली, अशी ती गोष्ट. खाली माझं नाव आहे, सांगणारा म्हणून. समारंभात मला शालही दिली. त्या शालीची घडी अजून मोडलेली नाही.

गोष्ट खोटी आहे. ती मी रचली, भर पावसात, मोटारीत बसून. ऐंशी ओलांडली आहेत, आता सांगून टाकतो.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही हकिकत. मी गावात इंग्रजी शिकवत होतो, नोकरी अजून कायम झाली नव्हती. भाद्रपदात एका सकाळी मुख्याध्यापकांनी वर्गातून बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत एक म्हातारा साहेब आणि त्याची बायको बसली होती. बाहेर काळी मोटार. साहेब निजामाच्या काळात सडकेचा इंजिनिअर होता, हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर त्यानं काम केलं होतं. नोकरी संपून मायदेशी गेला होता, आता बायकोला घेऊन हा मुलूख एकदा पाहायला आला होता. हैदराबादेहून स्वतः मोटार चालवत मुंबईला निघाले होते, तिथं बोट गाठायची होती.

"यांना एक जागा शोधायची आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "आजचा दिवस यांच्याबरोबर जा. तुम्ही इथलेच. शिवाय इंग्रजी येतं."

इंग्रजीची तशी गरज नव्हती. साहेब दखनी बोलायचा, आमच्या बाजारातल्या माणसासारखी. बाईही बोलायची, अडखळत. मोटारीत मागच्या सीटवर बसल्यावर तिनंच वळून मला सांगितलं. रस्ता बांधताना त्यांचा मुक्काम तंबूत होता. तापानं त्यांची मुलगी गेली. अकरा महिन्यांची. सडकेच्या कडेला चिंचेखाली पुरली, वर दगड बसवला. "इमली का बडा झाड," ती म्हणाली. "दिखा तो मैं पहचान लूंगी." तिला ती जागा एकदा पाहायची होती. पुन्हा या देशात यायचं वय उरलं नव्हतं.



तो दगड आमच्या घरी होता.

पोलीस ॲक्शननंतर दोनतीन वर्षांनी सडक रुंद झाली. मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. जळकोटकडे जाताना, गावापासून थोड्या अंतरावर, ठेकेदाराच्या माणसांनी चिंच तोडली होती आणि तिथंच मुरूम काढायला सुरुवात केली होती. खाण वाढत वाढत कबरीच्या जागेवरून पुढे गेली. दगड उपटून बाजूला टाकलेला. घण घेऊन एक गडी त्याची खडी करायला बसणार, तेवढ्यात आम्ही बैलगाडीतून तिथं आलो. वडिलांनी गाडी थांबवली. "वाच रे, काय लिहिलंय?" मी वाचून मराठीत सांगितलं. वडिलांनी उतरून दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "फोडण्यापेक्षा घरी बरा." आईला बरीच वर्षं धुण्याला गुळगुळीत दगड हवा होता. खडबडीत दगडावर तिची लुगडी फाटत.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वडिलांना वाईट वाटलं होतं आणि आईला दगड हवा होता.

परसात दगड बसवताना वडिलांनी तो पालथा घातला; तो कशाचा, ते आईला सांगितलं नाही. अक्षरं मातीकडे. अक्षराला पाय लागू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पुस्तक चुकून पायाखाली आलं तर कपाळाला लावायचं. त्या रीतीनं वडिलांनी मुलीच्या नावाचा मान राखला, आणि तिच्या दगडावर आम्ही धुणं धुतलं. त्यात काही विसंगत आहे, असं आम्हा बापलेकांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. त्या दिवशी मोटारीत बसेपर्यंत नाही.

सकाळीच बोलायला हवं होतं. पण मुख्याध्यापक आठवले, कायम न झालेली नोकरी आठवली, त्या वर्षी नुकतेच वारलेले वडील आठवले. चोर ठरतील असं वाटलं. म्हटलं, जागाच सापडणार नाही, दमतील आणि जातील.

पाऊस सारखा लागून होता. झड म्हणतात तसा, जोर नाही आणि उघडीप नाही. काचेवरचा दांडा किरकिर करत फिरायचा आणि मध्येच अडकायचा. बाई आतून रुमालानं काच पुसायची. साहेबानं मांडीवर जुनी वही ठेवली होती, तिच्यात मैल आणि फर्लांग लिहिलेले. पण रस्ता वाढवताना मैलाचे जुने दगड काढून नवे पुढंमागं बसवले होते. वहीचा हिशोब जमेना. मोटार जळकोटच्याही पुढे गेली, येणेगूरपर्यंत गेली, परत फिरली.

"तुला तेव्हाही मैल मोजता येत नव्हते," बाई इंग्रजीत म्हणाली.

"हा रस्ता मी बांधलाय."

"मग शोध ना."

"रस्ता बांधला मी. चिंच तू लक्षात ठेवणार होतीस."

दोघं हसले. 

त्या खाणीवरून आम्ही तीनदा गेलो. ती आता मोठं डबकं झाली होती, तांबडं पाणी काठोकाठ, त्यात म्हशी. तिसऱ्या वेळी साहेबानं तिथंच मोटार हळू केली आणि चाक कडेच्या काळ्या मातीत रुतलं. शेतातली चारपाच माणसं डोक्यावर इरली घेऊन धावत आली.

"सायबाची गाडी बी आमच्या बैलावानीच बसली की!" एकजण म्हणाला.

"आरं, शेपूट पिळून बघ," दुसरा म्हणाला, आणि सगळ्यांनी रेटा दिला.

मोटार निघाल्यावर बाईनं खाली उतरून एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, यां इमली का झाड था ना?"

"व्हती की माय. लई चिचा व्हत्या हितं. समद्या सडकंत गेल्या."

"और पत्थर? लिखा हुआ?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही ठाऊक होतं असं नाही, मास्तर म्हणून पाहिलं असेल. मी मान फिरवली. "न्हाय बा," तो म्हणाला. "दगूड तर मस पडल्यात."

बाई गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती आणि थंडीनं थडथडत होती. अशा माणसाला घरी नेलं नाही तर तो माणुसकीला बट्टा. मी त्यांना घरी नेलं. पाहुणा दारात आल्यावर दुसरं काही सुचण्याची आम्हाला सवय नव्हती, आणि परसातला दगड मला आठवला तो मोटार दारात थांबल्यावर.

आईनं बाईचे पाय पाहिले आणि तिचा हात धरून सरळ परसात नेलं. "ये माय, आधी पाय धू. अशानं तापशील." चुलीवरचं ऊन पाणी घेतलं. पाहुण्याचे पाय त्या दगडावरच धुवायचे, बाकी सगळा चिखल. बाई दगडावर उभी राहिली. आईनं वाकून तांब्यानं पाणी ओतलं, हातानं पोटऱ्या चोळल्या. बाई "नको, नको" म्हणत होती. आई म्हणाली, "उगी. आई असती तर केलं नसतं का?"

मी मागच्या दारात उभा होतो. साहेब ओसरीवर चहा पीत होता. तिच्या तळपायांखाली, चार बोटं जाडीच्या दगडाच्या पलीकडे, तिच्या मुलीचं नाव होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात इंग्रजीत जुळवलंही. आईनं तिचे पाय आपल्या पदरानं पुसले आणि वाक्य घशातच राहिलं. सांगितलं असतं तर आईलाही कळलं असतं, आपण इतकी वर्षं कशावर कपडे आपटले ते.

चहा पिताना बाईनं आईला विचारलं, "तुमकू बच्चे कित्ते?"

"ह्यो एक. एक पोरगी गेली. सात महिन्याची व्हती."

बाईनं आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी तिथून उठलो.

पुन्हा मोटारीत बसलो तेव्हा साहेब म्हणाला, आता सोलापूरकडे निघायला हवं, पुढचे नाले चढतील.  काच पुसायचं बाईनं सोडून दिलं होतं. तेव्हा माझ्या तोंडून शब्द गेले. सडक रुंद करताना गावकऱ्यांनी कबर हलवली, म्हणालो. बोरी नदीच्या काठी. दगड पुरात वाहून गेला, पण जागा आहे. सकाळपासून का सांगितलं नाही, असं साहेबानं विचारलं. मी म्हणालो, खात्री नव्हती, आत्ता आईला विचारलं.

आमच्यात तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. नदीकाठी बाभळींच्या मागे तशी एक जागा होती. वर दगड रचतात, जनावरांनी उकरू नये म्हणून काट्या घालतात. त्यातली एकच जागा मला ओळखू यायची, माझ्या बहिणीची. वडिलांबरोबर मी गेलो होतो. मी बाईला तीच दाखवली.

ती ओल्या दगडांशी खाली बसली. साहेबानं तिच्यावर छत्री धरली, ती तिनं बाजूला सारली. मुलीचं नाव घेऊन ती काहीबाही बोलत राहिली, घरच्या गोष्टी असाव्यात. मग काट्या नीट रचल्या. हाताला ओरखडे आले.

साहेब मला चार पावलं बाजूला घेऊन गेला. आवाज खाली करून म्हणाला, "मास्टर, मैं भौत सडकां चौडी कर को बैठा. मुरूम के वास्ते क्या क्या खोदते, मेरेकू मालूम."

त्यानं सडकेच्या दिशेनं पाहिलं.

"वो तालाब, भैंसां थे सो. वइच ना?"

मी मान हलवली. त्यानं डोळे मिटले. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं. "उसकू नको बोलो," तो म्हणाला. पण दगड कुठं गेला, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. आता तसं वाटत नाही.

ते सोलापूरकडे निघून गेले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "सापडलं का गं तिचं लेकरू?" घाईत असली की ती मलाही 'गं' म्हणायची.

"सापडलं. नदीकडं. आपल्या बाळाशेजारी."

आई भाकरी थापत होती. हात थांबला. "म्हंजे ती बाई तिथवर गेली," ती म्हणाली. "मला तर कुणी तिथवर नेलं न्हाय."

बायकांनी तिथं जायचं नाही, ही रीत. मी उद्या नेतो म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. नेलं असतं तर दोन ढीग दाखवावे लागले असते, आणि बाईनं काट्या रचलेला ढीग तर आमच्याच बाळाचा होता. आई त्यानंतर वीस वर्षं जगली, त्याच दगडावर धुणं धूत राहिली, आणि तिला मुलीची जागा दिसली नाही.

काही महिन्यांनी बाईचं पत्र आलं. गावकऱ्यांचे आभार मानले होते. मुख्याध्यापकांनी ते शाळेत वाचून दाखवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि गोष्ट माझ्या हातातून सुटली ती सुटलीच. उत्तर मी लिहिलं नाही. पत्र पुढे वाळवीनं खाल्लं.

गेल्या महिन्यात मी दोन गडी लावून दगड उलटवला. धुण्याची बाजू झिजून मधोमध खोलगट झाली आहे. अक्षरांची बाजू मात्र जशीच्या तशी. माती भरली होती, ती मी काडीनं काढली. नाव, अकरा महिने, खाली एक ओळ.

मुलगा म्हणाला, नाना, नदीकाठी नेऊन बसवू, निदान गोष्ट तरी खरी होईल. मीही आधी तेच ठरवलं होतं. पण तसं केलं तर खोटं कायमचं पक्कं होईल, आणि माझ्या बहिणीच्या उशाशी दुसऱ्याच मुलीचं नाव लागेल. खाणीची जागा तर बुजून गेली, तिच्यावर आता ढाबा आहे.

म्हणून दगड परसातच ठेवला आहे, अक्षरं वर करून. कुणी आलं की मी हे सगळं सांगतो, पहिल्यापासून. सुनेनं त्या बाजूनं जाणं सोडलं आहे, वळसा घालून जाते. स्मरणिकेचं पान अकरा काढून टाका, असं मी शाळेला लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. आज सकाळपासून झड लागली आहे आणि नावात पाणी भरलं आहे.