तिसऱ्या वहीत चिंचोके नाहीत

अशी दूर काऊन बसली व? जवळ ये. कागदावरच का होईना, पण जवळ ये. तुला रागवायचं आहे, आणि लांबून रागावलं की ते भांडण वाटते.

परवा फोनवर काय बोललीस? "मावशी, तुझ्या तिन्ही वह्या मी नेटवर टाकते. पण तिथल्या खेळणाऱ्यांना सांगितलं तर म्हणतात, तिसऱ्या वहीत फासेच नाहीत, मग तो खेळ कसला? चार ओळी वाढव ना, फासे कधी टाकायचे त्याच्या." मी फोन ठेवला. रागानं नाही, चुलीवरचं दूध वर आलं होतं. पण राग होताच, खोटं कायले बोलू?

या खेळाचा डबा घरात आणला कोणी? तूच. नागपूरला शिकत होतीस, दोन हजार सालाच्या आगेमागे. रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं आणलीस, त्यात हा डबा. आत एक हिंदी पुस्तक आणि घडी पडून फाटलेला नकाशा. फासे नव्हतेच. चार दिवस राहून तू गेलीस, डबा इथंच राहिला.

मी शाळेची पायरी चढली नाही हे तुला माहीत आहे. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं धरली. म्हणून जे कागद हाती येतील ते शेवटापर्यंत वाचायची सवय. हे पुस्तक तीनदा वाचलं, तेव्हा कळलं की ही गोष्ट नाही, गोष्ट करायची रीत आहे. एकीनं सांगणारी व्हायचं. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा, कोणी शिपाई, कोणी चोर, कोणी जादूगार. सांगणारी म्हणणार, समोर दरी आहे, काय करता? तू म्हणणार, उडी मारते. मग फासा टाकायचा. चांगला पडला तर पलीकडे, वाईट पडला तर खाली.

दुपारच्या वेळी समाजमंदिरात आम्ही बसू लागलो. मी, शेजारची मासे धरणारी ढीवरीन, गावची म्हातारी सुईण आणि जंगलाकडच्या टोलीवरची, म्हणजे लहान वस्तीवरची, एक सून. फाशांच्या जागी पाच चिंचोके घेतले, एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केले. जितके पांढरे पडतील तितकी ताकद.

पण पुस्तक लवकरच पुरेनासं झालं. तलवारीला पंधरा पानं आणि भुकेला एक ओळ! नकाशा नदीपाशी संपत होता. खाली लिहिलं होतं, बाकी राज्य दुसऱ्या भागात. मी पोस्टकार्ड टाकलं, दुसरा भाग पाठवा. कार्ड परत आलं, पत्त्यावर कोणी नाही. छापणारा दुकान मोडून गेला होता.

ढीवरीन म्हणाली, "गेला तर गेला. नदीच्या पलीकडं काय आहे ते त्याले काय माहीत? मले विचार."

तशी पहिली वही झाली, पाण्याची. डोंगा, जाळं, पूर, बोदलकशासारखा एक तलाव आणि त्याच्या पाळीवर राखण करणारी माणसं. दुसरी वही जंगलाची. ती टोलीवरची सून बोलायची अन् मी लिहायची. तिच्या जंगलात वाघापेक्षा मोहाखालचं अस्वल वाईट होतं. पुस्तकातले राजे हळूहळू मागे पडले. त्यांना कोणी बोलावलंच नाही.

आता ते सांगते, जे तुला फोनवर सांगता आलं नाही.

मधल्या काळात आम्ही बायांनी गावातली दारू बंद केली होती. दारूच्या पाठीला पत्त्यांचा अड्डा, तोही उठवला. ग्रामसभेत ठराव लिहिला: पत्ते, कवड्या, फासे, चिंचोके, कशाचाही डाव या गावात बसणार नाही. चिंचोके हा शब्द मीच घालायला लावला होता, कारण अड्ड्यावरचे लोक पत्ते जाळले की चिंचोके काढायचे. ठरावावर पहिली सही माझी. आपला खेळ त्यात येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. आपण करतो तो डाव थोडाच असतो!

अड्डेवाले विसरले नव्हते. तंटे मिटवणाऱ्या समितीच्या अध्यक्षाला घेऊन ते एका दुपारी समाजमंदिरात आले. अध्यक्षाच्या हातात ठरावाची नक्कल.

"बाई, ही सही कोणाची?"

"माझीच."

"अन् हे पुढ्यात काय आहे?"

चिंचोके समोर पडले होते, तीन पांढरे, दोन काळे.

अड्ड्यावरचा एक जण मागून ओरडला, "आमचे पत्ते चौकात जाळले, आता या बायांचे चिंचोके जाळा! अन् त्या वह्या बी!"

मी चिंचोके उचलले, बाहेर कोणाची तरी चूल पेटली होती तिच्यात स्वतःच्या हातानं टाकले. सही माझी, शब्द माझा. परत आली अन् वह्यांवर बसली. होय, मांडी घालून बसली. म्हटलं, "ठरावात वही लिहिली आहे का? दाखवा कुठं लिहिली आहे." अध्यक्षानं नक्कल उलटीपालटी करून पाहिली. नव्हती लिहिली. गेले सगळे.

सुईण म्हणाली, "संपला आता खेळ. बिनचिंचोक्याचं कसं ठरवशील कोण जगलं अन् कोण मेलं?"

आठ दिवस मी त्याच विचारात होती. मग तिसरी वही काढली. तिचा नियम एकच. जे करायचं ते कसं करशील ते सांग. आमच्यात जिनं ते काम हातानं केलं आहे, ती ठरवेल होईल का नाही. पाण्याचं ढीवरीन ठरवेल, रानाचं टोलीवरची, जन्माचं सुईण.

पहिला फटका मलाच बसला. खेळातली माझी बाई दहा वर्षं खेळवलेली, नकाशाच्या दोन्ही बाजू फिरलेली. पुढे पूर आलेला नाला. मी ऐटीत म्हटलं, "म्हशीचा दोर मनगटाला बांधते अन् तिच्यासंगं पार होते."

ढीवरीन म्हणाली, "गेलीस."

"काऊन? म्हैस पोहते ना!"

"म्हैस पोहते. पण धारेत फिरली तर तुले सोडत नाही. दोर धरायचा असते, बांधायचा नसते. माझा दीर असाच गेला."

मला राग आला होता, खरं सांगते. चिंचोक्यांवर रुसता येते, फेकून देता येतात. बाईवर रुसली तरी दुसऱ्या दिवशी तिच्याच विहिरीवर घागर घेऊन जावं लागते. मी गेली. तिनंच पाणी शेंदून दिलं. घरी येऊन वहीत लिहिलं: दोर धरावा, बांधू नये.

मग अध्यक्ष स्वतः आले, आम्ही बाया पदराआड चिंचोके लपवून टाकतो का ते पाहायला. सुईण म्हणाली, "पाहता कायले? बसा." बसले बापा, शिपाई घेतला. सुईण सांगणारी होती. रान, धो धो पाऊस, संगं अडलेली बाई, शेक द्यायला आग पाहिजे.

"आग लावतो."

"कशी?"

"माचिसनं."

"भिजली."

"मग रॉकेल टाकतो."

"रानात रॉकेल कोणं ठेवलं, तुमच्या सासऱ्यानं?"

टोलीवरची सून पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिनंच सांगितलं, सालईच्या झाडाचा डिंक ओल्यातही पेटते, पण सालई ओळखता आली पाहिजे. अध्यक्षांना सालई ओळखता येत नव्हती. त्यांचा शिपाई गारठून मेला. उठता उठता म्हणाले, "हा खेळ नाही, सासुरवास आहे."

त्यांनी समाजमंदिराची चावी काढून घेतली, तेव्हापासून आम्ही माझ्या ओसरीवर बसतो. पुढच्या खेपेला त्यांची बायको आली. म्हणाली, "ते म्हणाले तिकडं जाऊ नको, म्हणून आली." ती सुगरण आहे. चुलीच्या बाबतीत आता तिचा शब्द चालते.

आता तूच सांग. नेटवरच्या त्या लोकांसाठी फासे परत आणले तर काय होईल? कोणीतरी म्हणेल, दोर मनगटाला बांधतो, अन् फासा चांगला पडला की पार होईल. मग ढीवरनीच्या दिराचं काय? पाच चिंचोके पांढरे पडले म्हणून तिचं खरं खोटं होईल का? म्हणतात, हा मूळ खेळ नाही. नसेल. मूळवाला गेला पत्ता न ठेवता. आम्ही इथंच आहो, कार्ड टाका, उत्तर येते.

वही टाकायची असेल तर जशी आहे तशी टाक. नाहीतर राहू दे, मी गोंदियाला जाऊन झेरॉक्स मारते. मागे पहिल्या दोन वह्या घेऊन गेली होती तेव्हा दुकानवाला विचारत होता, "अम्मा, ये कौन सी पूजा की पोथी है?" म्हटलं, "पूजा नहीं, खेल है. पन्ने सीधे लगा."

पण टाकायच्या आधी एकदा इथं ये. तुला वाटते तू हा खेळ जाणतेस. बिनफाशाचा तू एकदाही खेळली नाहीस. ओसरीवर बस, एक माणूस घे आणि सांग तू काय काय हातानं केलं आहेस. ढीवरीन विचारत होती, कम्प्युटरवालीचा शब्द कशात चालेल म्हणून. म्हटलं, ती आली की तिलाच विचार. धान कापणीला लागलो की कोणाला फुरसत नसते, त्याच्या आधीच ये. तिरोड्याला उतरलीस की फोन कर, कोणाला तरी घ्यायला पाठवते.