काकूला पाजलेलं दूध

नातवंडांनो, जानेफळला आमच्या गोठ्यात दुभत्या म्हशी असूनही काकूने माझ्या विधवा आईला शेवटच्या आजारात दूध दिलं नाही. मी नागपूरला इंग्रजी शिकून परतले, तेव्हा काकूच अंथरुणाला खिळली होती.

"पोरी, तू त शिकेल हाय," ती म्हणाली. "देव मले माफ करन काय वं?"

"देवाचं मले मालूम नाही, काकू. माही माफी तुमाले भेटनार नाही."

ती रडली. मला बरं वाटलं, आजही वाटतं. मग मी तिला चमच्याने कोमट दूध पाजलं, आणि शेवटपर्यंत रोज पाजलं. वर कोणी तिचा न्याय करणार होतं की नाही, कोण जाणे. तिची भूक माझ्यासमोर होती. तिला आवडणारी साखर मात्र मी त्यात कधीच घातली नाही.