राक्षसाची चौकशी

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर मराठी वाचनालय होतं. दोन कपाटं, एक सतरंजी आणि ते चालवणारे मास्तर, एवढाच पसारा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अक्षरं ओळखू यायची, पण जुळवताना घाम फुटायचा. त्यामुळे मी चित्रंच बघत बसायची.

निजामाच्या राज्यात अशा जागांवर सरकारची नजर असे. एका सकाळी पोलिसांचे अमीनसाहेब जिना चढून आले. पुस्तकांत राज्याविरुद्ध काही आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं आणि मास्तरांवर भरवसा नव्हता. मोठ्यांच्या कपाटाला त्यांनी सरळ सील ठोकलं. मुलांची पुस्तकं मात्र वाचून घ्यायची ठरली. लेकरं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमचा शेजार मुसलमानांचा, मला त्यांची दखनी बोली चांगली यायची. म्हणून वाचून त्यांना दखनीत सांगायला मलाच पुढे बसवलं.

एका राक्षसानं राजाची झोप चोरून डोंगरात लपवली, एवढंच सांगायला मला अख्खी सकाळ लागली. अमीनसाहेब वैतागले.

"जल्दी पढ," ते म्हणाले. "राजासाहब कब तक जागेंगे?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर मला उजाडताच पुढची पानं शिकवू लागले. सरकारी काम लागलं म्हणून आईनं माझं भांडी घासणं बंद केलं. तिकडे मोठ्यांचं कपाट बंद, म्हणून वकील आणि अडते आमच्याच मागे मांडी घालून बसू लागले. एका वकिलांनी राक्षसाची बाजू मांडायला सुरुवात केली, तेव्हा अमीनसाहेबांनी त्यांना गप्प केलं.

मग जागरणानं राजा मेला. अमीनसाहेबांचा चेहरा उतरला. राजा मरणं त्यांना चालण्यासारखं नव्हतं. राजाचं नेमकं काय झालं, असं त्यांनी मास्तरांना विचारलं.

"हवापालटाला गेलाय, साहेब," मास्तर म्हणाले.

पुढे राणी पानंच्या पानं रडत होती. ती मी सांगताना विरहानं रडवली.

राजपुत्र डोंगर चढत असतानाच अमीनसाहेबांची भोकरदनला बदली झाली. कपाटाचं सील तसंच राहिलं. काही दिवसांनी तिकडून एक घोडेस्वार शिपाई आला. गल्लीनं दारं लावून घेतली. शिपाई माडीवर आला, सलाम करून म्हणाला, "साहेबांनी इचारलंय, त्या राक्षसाचं पुढं काय झालं?"

मी पुस्तक काढलं आणि कुठंही न अडखळता शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर मीच दचकले. मास्तर नुसता चष्मा पुसत राहिले.

शिपाई गोष्ट पुटपुटत जिना उतरला आणि लगेच परत वर आला.

"राजपुत्र डोंगरावर कशापायी गेल्ता, तेच ध्यानात न्हाई राह्यलं," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याला सतरंजीवर बसवलं आणि मला पहिल्या पानापासून वाचायला सांगितलं. खाली घोडा दुकानातली धोतरं चघळत होता. त्याला हटकायची कुणाची छाती झाली नाही.